मंद आचेचा कोळसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला 'कोळसा' हा विषय आहे असे जाहीर झाले, तेव्हा मागच्या रांगेत थोडी हसाहस झाली. ती मी ऐकली, आणि मला तिचे नवल वाटले नाही. घरोघरी गॅस आला, विजेच्या शेगड्या आल्या. आता कोळशाला कोण विचारतो, असे कुणालाही वाटेल. पण जरा सभोवार पाहा. सन २०२१ मध्ये आपले मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले, शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींच्या गच्चीवर आपली मुले-सुना रविवारी कोळसा पेटवू लागल्या. त्याला 'बार्बेक्यू' म्हणतात. परदेशातून सुटीला आलेला कुणाचा भाचा सांगतो, तिकडे मांसाचा मोठा तुकडा दहा-बारा तास मंद निखाऱ्यावर, धुरात ठेवतात. तो लोण्यासारखा मऊ होतो. मग तो विचारतो, "मावशी, इथे त्यासाठी कोळसा कोणता घ्यावा?" आणि जन्मभर शेगडीशी खेळलेल्या मावशीला उत्तर सुचत नाही!

दुसरी जागा याहून नाजूक आहे. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. गॅस असलेल्या घरातसुद्धा शेक-शेगडीसाठी अजून कोळसा आणला जातो. तेव्हा कोळसा घरातून गेलेला नाही. गेले आहे ते कोळशाविषयीचे ज्ञान. म्हणून आज हा विषय.

मंद आच आपल्याला नवी नाही. दूध आटवायचे ते मंद निखाऱ्यावर. जेवणे झाली की विझत्या शेगडीच्या राखेत कांदा किंवा वांगे खुपसून ठेवायचे. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना भुशाची शेगडी आठवत असेल. मध्ये बाटली उभी धरून लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची, आणि त्या पोकळीत पेटवले की ती शेगडी तासन् तास धुमसत राही. इकमिक कुकरही अशाच मंद आचेवर चाले. डॉ. इंदुमाधव मल्लिक या बंगाली गृहस्थांनी तो १९१० च्या सुमारास तयार केला. खाली मूठभर निखारे, वर डब्यांत डाळ, भात, भाजी. घरची मंडळी कामे उरकून येईतो जेवण तयार. परदेशातला तो धुराचा प्रकार याच घराण्यातला आहे. आच सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस, म्हणजे उकळत्या पाण्याहून किंचित अधिक, आणि वेळ पुष्कळ. मांसातले चिवट धागे एकदम मोठ्या आचेने आखडतात. मंद आचेवर तासन् तास ठेवले तर विरघळून मऊ होतात. यात जादू काही नाही.

आता मुख्य मुद्दा सांगते. पापड भाजायचा असो की कणीस, आपण कोळसा आधी पुरता फुलवून घेतो. त्यात काही कच्चे असले तर त्याचा धूर पदार्थ ठेवण्यापूर्वीच निघून जातो. मंद आणि दीर्घ विस्तवाचे तसे नाही. त्यात आठ-दहा निखारे पेटते असतात आणि बाकीचा कोळसा त्यांच्या शेजारी थंड पडलेला असतो. तो एकेक करून पेट घेतो. म्हणजे दिवसभर नवा कोळसा पेटत राहतो, आणि तो पदार्थाच्या समोर पेटतो. कोळसा कच्चा असेल तर त्याचा कडवट धूर तासन् तास त्या पदार्थात मुरत राहील. झटपट भाजण्यात बेताचा कोळसा खपून जातो; मंद आचेत तो खपत नाही. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

कोळसा कच्चा कसा राहतो हे कळायला तो होतो कसा हे पाहिले पाहिजे. लाकडे रचून वर पालापाचोळा आणि माती लिंपतात, आत विस्तव देतात आणि हवा बेताचीच ठेवतात. लाकूड जळत नाही, भाजते. त्यातले पाणी, तेलकट द्रव्ये आणि वायू निघून जातात. उरतो तो मुख्यतः कार्बन. भट्टी घाईने उघडली तर आतली लाकडे अर्धवट राहतात, तोच कच्चा कोळसा. साध्या मातीच्या भट्टीत चार ते सहा किलो वाळलेले लाकूड खर्ची पडते तेव्हा किलोभर कोळसा हाती येतो. हे काम आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या कातकरी समाजाने केले आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी, असा त्यांच्या नावाचा अर्थ लावतात. दिवाळीनंतर उचल घेऊन अख्खी कुटुंबे दूरच्या भट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते, आणि पुष्कळदा हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. आपण पोत्याच्या भावात आठ आणे-रुपया घासाघीस करतो, तेव्हा भट्टीवरच्या त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर असावा, एवढेच म्हणते.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट लाकडाची. जड लाकडाचा कोळसा जड, आणि जड कोळसा सावकाश जळतो. बाभूळ, खैर, धावडा, चिंच यांचा कोळसा टिकाऊ. आंब्याचा त्यामानाने हलका. सावर, पांगारा, शेवगा यांचा कोळसा भसाभस पेटतो आणि तसाच राख होतो. विस्तव लावून घ्यायला तो बरा, दिवसभराच्या कामाला नव्हे. हल्ली बाजारात वेड्या बाभळीचा कोळसा पुष्कळ येतो. हे झाड बाहेरून आलेले, माजणारे; ते तोडले तर आपल्या रानाचे फारसे नुकसान नाही, आणि कोळसाही चांगला कणखर होतो. करवंटीचा कोळसा दाट, राख कमी, धूर जवळजवळ नाही; मात्र तुकडे पातळ असल्याने ते एकावर एक बसतात आणि हवा कोंडते. तो एकटा न वापरता लाकडी कोळशात मिसळावा.

दुसरी गोष्ट परीक्षेची. वखारीत किंवा दुकानात गेल्यावर पोते उघडायला सांगावे आणि वरचे दोन तुकडे न घेता हात खाली घालावा. दोन तुकडे एकमेकांवर वाजवा. पक्का कोळसा खापरी वाजावी तसा खणखणतो. कच्चा किंवा ओला 'थप्' असा बसका आवाज देतो. मग तुकडा मोडा. पक्का कोळसा टच्कन मोडतो आणि आत काळी चकाकी दिसते, लाकडाच्या रेषाही ओळखू येतात. मोडताना वाकला, चिवट लागला, आत तपकिरी दिसला, तर तो कच्चा. हे ध्यानात घ्या की कच्चा कोळसासुद्धा हाताला जडच लागतो. म्हणून नुसत्या वजनावर भुलू नये, आवाज आणि मोड दोन्ही पाहावीत.

तिसरी परीक्षा घरी. एक तुकडा अंगणात पेटवून पाहा. पिवळी लांब ज्वाला आणि पांढरा दाट धूर आला तर कच्चा. फार तडतडला, ठिणग्या उडाल्या तर ओला किंवा साल राहिलेला. शांतपणे लाल झाला, कडेला पांढरट राख धरली, तर तो आपल्या कामाचा. राख तांबूस आणि खडेयुक्त निघाली तर पोत्यात माती आली आहे असे समजावे. ओल्या कोळशाचा संशय असेल तर एक किलो तोलून दिवसभर उन्हात पसरा आणि सायंकाळी पुन्हा तोला. थोडासा ओलावा चांगल्या कोळशातही असतो. पण दीडशे-दोनशे ग्रॅमची घट आली, तर तेवढे पाणी आपण कोळशाच्या भावाने घेतले!

तुकड्यांचा आकारही पाहावा. तळाला मुठीएवढे, वर लिंबाएवढे असावेत. चुरा वेगळा काढावा, कारण तो फटी बुजवतो आणि विस्तव गुदमरतो. चुरा टाकू मात्र नये. शेण कालवून त्याचे गोळे करून वाळवण्याची आपली जुनी रीत उत्तम होती. फक्त ते गोळे पाणी तापवायला वापरावेत, धुरात ठेवायच्या पदार्थाखाली नकोत.

गोळ्यांवरून कारखान्यातल्या वड्यांची आठवण झाली. अमेरिकेत कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांचे पेटंट एल्सवर्थ झ्वायर यांनी १८९७ मध्ये घेतले, आणि पुढे १९२० नंतरच्या काळात मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांनी गाड्यांसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ भागापासून अशा वड्या करून विकल्या. वड्या सगळ्या सारख्या असतात, म्हणून आचही सारखी मिळते. दीर्घ विस्तवाला हा मोठा गुण आहे. त्यांचा दोष म्हणजे राख फार, तेव्हा शेगडीचा तळ मधून मधून मोकळा करावा लागतो. चटकन पेटाव्यात म्हणून रसायन लावलेल्या वड्या मात्र मंद आचेला मुळीच घेऊ नयेत. कारण मघाचेच: त्या पदार्थासमोर पेटत राहतात.

याच प्रकारचे काम आपल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने केले, हे आपल्याला ठाऊक असावे. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली. पाचट बंद डब्यांतून भाजायचे, त्याच्या भुकटीत खळीसारखे चिकट द्रव्य मिसळायचे आणि यंत्रातून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांवर चालणारा 'सराई' कुकरही त्यांनी केला. शंभर-सव्वाशे ग्रॅम कोळशात लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. इकमिकचा धाकटा भाऊच म्हणा! ऊस म्हणजे आपल्या परिसराच्या ओळखीचे पीक; वसंतदादा साखर संस्था तर आपल्या मांजरीतच आहे. ती संस्था शेतकऱ्यांना सांगते की पाचट जाळू नका, खोडव्याच्या सरीत पसरा, जमिनीला त्याचे खत होते. तेही खरेच. माझे म्हणणे इतकेच की, जे पाचट नाहीतरी शेतात पेटवून द्यायचे, त्याचा कोळसा झाला तर एक झाड वाचते.

कोळसा चांगला मिळाला, आता विस्तव रचायचा कसा? शेगडीत किंवा पत्र्याच्या पिंपात न पेटलेला कोळसा एका बाजूला कडेकडेने रांगेत लावावा, आणि रांगेच्या एका टोकाला सात-आठ फुललेले निखारे ठेवावेत. विस्तव रांगेतून पुढे सरकत जातो. पदार्थ निखाऱ्याच्या थेट वर न ठेवता दुसऱ्या बाजूला ठेवावा आणि मध्ये पाण्याचे पसरट भांडे असावे. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो काळा धूर उठतो, त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. म्हणून ही बाजूची मांडणी आरोग्यालाही हिताची. आच कमी-अधिक करायची ती कोळसा घालून-काढून नव्हे, तर खालचे तोंड उघड-मीट करून. झाकण वारंवार उघडू नये. आणि कोंबडीसारखे मांस असेल तर ते आतून ७४ अंशांपर्यंत तापले आहे याची खात्री केल्याशिवाय वाढू नये.

धुराचा वास पाहिजे असेल तर तो कोळशाकडून मागू नये. कोळशाने आच द्यावी; वासासाठी वाळलेल्या लाकडाचा लहानसा तुकडा निखाऱ्यावर ठेवावा. पेरूचे किंवा आंब्याचे लाकूड चालते. धूर विरळ, निळसर दिसावा. पांढरा दाट धूर पदार्थ कडू करतो. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि द्राक्षाच्या बागा आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा वर्षातून दोनदा छाटतात. फ्रान्समध्ये द्राक्षवेलीच्या छाटणीवर मांस भाजण्याची मोठी आवड आहे. म्हणून कुणी बागेतली काटकी आणू पाहील. तर आधी विचारावे की बागेवर फवारणी कशाची झाली. फवारलेल्या वेलीची काटकी चुलीत नको. कडुनिंबाचा धूर डासांना बरा, जेवणाला नव्हे. कण्हेर विषारी आणि बिब्ब्याचे लाकूड अंगावर फोड आणणारे; यांना हातच लावू नये. रंगवलेली फळी, प्लायवूड, मालाच्या खोक्यांची लाकडे हीही वर्ज्य. आणि ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांना आपला धुंगार आहेच. भरताच्या किंवा ताकाच्या भांड्यात वाटी, वाटीत एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, वर झाकण. पाच मिनिटांत काम झाले. हुरड्याच्या आगटीला तर कोळसाही लागत नाही, गोवऱ्या पुरतात.

भगिनींनो, आता शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. एवढा वेळ मी सांगत होते की चांगला कोळसा तोच, ज्याला धूर नाही. पण धूर नाही म्हणजे अपाय नाही, असा अर्थ कुणी घेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात गेला की प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने रक्ताला चिकटतो, आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. विस्तवाला हवा जितकी कमी, तितका हा वायू जास्त. म्हणजे ज्या मंद, राखेखालच्या निखाऱ्याची आपण एवढी वाखाणणी केली, तोच बंद खोलीत अधिक घातक. कच्चा कोळसा निदान डोळ्यांत पाणी आणून सावध करतो. पक्का कोळसा काहीच सांगत नाही.

आणि आपण बाळंतिणीला काय करतो? वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दारे बंद, फटींना चिंध्या, आणि खाटेखाली शेगडी. बाईचे डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आपण म्हणतो, बाळंतपणाचा शीण आहे. बाळ पेंगुळते, आपण म्हणतो, शेकाने छान झोप लागली. आमच्या जुन्या वाड्यात शेजारच्या घरी असेच झाले होते. ती मुलगी हाकेला 'ओ' देईना, तेव्हा एका म्हाताऱ्या काकूंनी आधी खिडकी उघडली आणि मग बाकीचे प्रश्न विचारले. त्या खिडकीने दोन जीव वाचले. सगळ्याच घरांत अशी काकू वेळेवर येत नाही. उत्तरेकडे दर थंडीत बंद खोलीतल्या शेगडीने माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी आहे, तव्यावर तापवलेले कापड आहे. ओव्याची धुरी घरच्यांच्या समाधानासाठी हवीच असेल, तर निखारा बाहेर फुलवावा, दार-खिडकी उघडी ठेवावी, दोन मिनिटांत शेगडी बाहेर न्यावी, आणि ती पेटती असताना खोलीत कुणी झोपू नये. तान्ह्या बाळाला धुरी देऊच नये. डॉक्टर तेच सांगतात. कुणाला गुंगी आली असे दिसले तर आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद गॅलरीत बार्बेक्यू मांडणाऱ्या मुलांनाही हाच नियम. उरलेले निखारे राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. ते पाण्याने पुरते विझवल्यावाचून कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत.

जाता जाता दोन सूचना करते. एक, कोळसा लागेल तेव्हा चार घरांनी मिळून एक पोते घ्यावे, परीक्षा करून घ्यावे आणि पावती मागावी. १९२७ च्या वन कायद्यात कोळसा हा वनउपज धरलेला आहे. पावतीने विकणाऱ्याचा माल कुठून आला हे विचारता तरी येते. दुसरी सूचना अधिक मोलाची आहे. आपल्या सभासदांपैकी कुणाची लेक किंवा सून बाळंतपणाला घरी येणार असेल, तर मंडळाच्या दोघींनी आधी त्या घरी जाऊन यावे. बाळंतविडा तर आपण नेतोच; त्याबरोबर शेगडी आणि खिडकी यांविषयी चार शब्द न्यावेत. सासूबाईंना ते पटवून द्यायला शेजारणीची जीभच लागते, डॉक्टरांचे कुणी ऐकत नाही!

मंडळाने आजवर शिवण शिकवले, साक्षरतेचे वर्ग चालवले, हळदीकुंकवाला वाणाबरोबर पुस्तके वाटली. या वर्षी एवढे एक काम त्यात घालावे, अशी माझी विनंती आहे.